पाच वर्षांची विद्या

प्रत्येक विद्येला तिचे असे एक आयुष्य असते. सुताराने बापाकडून घेतलेला रंधा धरण्याचा हात त्याच्या नातवालाही पुरतो. कीर्तनकाराने विशीत पाठ केलेले आख्यान तो साठीतही तितक्याच, किंबहुना अधिक अधिकाराने सांगतो. वैद्याची नाडीपरीक्षा तर वयाबरोबर पक्व होत जाते. आमच्या व्यवसायाची गोष्ट निराळी आहे. सॉफ्टवेअरचे काम करणाऱ्या तरुणांना मोबाइल फोनवर चालणारी ॲप्स तयार करण्यास शिकविणे, हा गेल्या कित्येक वर्षांचा आमचा उद्योग. या उद्योगात आज शिकविलेल्या गोष्टींपैकी पुष्कळशा साधारण पाच वर्षांत निरुपयोगी होतात. मग आम्ही नक्की काय शिकवितो, आणि त्याचे मोल घेण्याचा आम्हांस कितपत अधिकार आहे, हा प्रश्न आम्ही स्वतःला वारंवार विचारीत आलो आहोत. या लेखाचा विषय तोच आहे.

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत आमच्या धंद्याविषयी कुतूहल आहे, पण आकलन बेताचेच. लग्नकार्यात कोणी वडीलधारे गृहस्थ विचारतात, "तुम्ही फोन दुरुस्त करायला शिकवता ना?" आम्ही म्हणतो, "नाही काका, फोनच्या आत जी कामे चालतात, ती लिहायला शिकवतो." काका समजुतीने मान डोलावतात आणि आपला फोन पुढे करून म्हणतात, "मग हा मधूनच का अडतो, तेवढे बघा." त्या काकांना हसण्याचे कारण नाही. फोन मधूनच का अडतो, हा प्रश्न आमच्या शास्त्राचा गाभा आहे, हे पुढे दिसेलच.

आधी या विद्येच्या अल्पायुष्याविषयी. २००५ च्या सुमारास आम्ही शिकवू लागलो, तेव्हा फोन म्हणजे बटणांचा फोन. त्यावर जावा या भाषेच्या एका आटोपशीर अवतारात छोटे कार्यक्रम लिहीत असत. नोकियाच्या काही फोनांत तर ६४ किलोबाइटपेक्षा मोठे ॲप चालतच नसे. आज एखादे साधे छायाचित्रही त्याच्या कितीतरी पट जागा व्यापते. एवढ्याशा जागेत काम बसविण्याची काटकसर आम्ही मोठ्या हौसेने शिकविली. २००७ साली आयफोन आला, २००८ च्या जुलैत ॲपलचे ॲप-भांडार उघडले, त्याच वर्षाच्या शरदात अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन बाजारात आला. २०११ च्या फेब्रुवारीत नोकियाने आपली जुनी सिम्बियन प्रणाली सोडून मायक्रोसॉफ्टची वाट धरली, आणि आमच्या वह्यांचा एक मोठा गठ्ठा रद्दीच्या योग्यतेचा झाला.

त्यानंतरचा वेग तर विलक्षण. अँड्रॉइडची ॲप्स लिहिण्यासाठी आम्ही एक्लिप्स नावाचे साधन शिकवीत होतो. २०१३ मध्ये अँड्रॉइड स्टुडिओची घोषणा झाली आणि २०१४ च्या अखेरीस ते पूर्णत्वाने आले. आयफोनसाठी ऑब्जेक्टिव्ह-सी शिकलेल्यांना २०१४ च्या जूनमध्ये स्विफ्ट नावाची नवी भाषा समोर दिसली. अँड्रॉइडवर जावाची सत्ता अढळ वाटत होती, तोच २०१७ मध्ये गूगलने कोटलिन या भाषेला मान्यता दिली आणि २०१९ मध्ये यापुढे पहिला मान कोटलिनचा, असे जाहीर केले. पडद्यावरची मांडणी लिहिण्याची जी पद्धत आम्ही दहा वर्षे शिकविली, तिच्या जागी २०२१ मध्ये कंपोझ नावाची सर्वस्वी वेगळी पद्धत स्थिर झाली. दरवेळी आम्ही स्वतः आधी विद्यार्थी झालो आणि मग शिक्षक. पन्नाशी ओलांडल्यावर दर काही वर्षांनी ओनामा गिरविण्याची ही सक्ती अंगवळणी पडते, पण सुखाची कधीच होत नाही.

या घाईला बाजाराचा वारा लागला तो २०१६ साली. त्या वर्षीच्या जुलैत गूगलने जाहीर केले, की तीन वर्षांत भारतातील वीस लाख विकसकांना अँड्रॉइडचे शिक्षण देण्यात येईल. त्याच वर्षी ॲपलनेही बंगळुरात आयफोनच्या विकसकांसाठी मार्गदर्शन केंद्र उघडण्याची घोषणा केली. सप्टेंबरात जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट स्वस्त झाले. या सर्वांचा परिणाम असा झाला, की शहरोशहरीच्या शिकवणी-वर्गांच्या पाट्यांवर रातोरात "मोबाइल ॲप" हे शब्द चढले. सयाजीगंजातून विद्यापीठाकडे जाताना दिसणाऱ्या पाट्या आम्ही त्या काळात सवडीने वाचीत असू. कोणी ४५ दिवसांत विकसक करीत होता, कोणी ३०. लाखाच्या आकड्यांची एक गंमत असते. किती जण वर्गात बसले, हे त्यांवरून कळते. पण त्यांपैकी किती जणांना आपण लिहिलेली ओळ तेथे का लिहिली हे सांगता येते, ते कोणत्याच आकड्यात मावत नाही.

आमच्याकडे दोन प्रकारचे शिष्य येतात. एक, पदवी नुकतीच हाती पडलेले; दुसरे, दहा-पंधरा वर्षे कारखान्यांचे किंवा पतपेढ्यांचे हिशेब लिहिणारे कसलेले प्रोग्रामर. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीसाठी साठ्याचे आणि पगाराचे कार्यक्रम लिहून हात बसलेले हे लोक बुद्धीने कोठेच कमी नसतात. आणि तरी शिकविण्यास तेच अवघड. कारण त्यांचे यंत्र टेबलावर बसलेले असते. त्याला वीज अखंड मिळते, त्याची तार कधी तुटत नाही, आणि त्याच्यासमोर पगारी माणूस फक्त तेच काम करण्यासाठी बसलेला असतो. फोनचे यातले काहीच खरे नाही. फोन खिशात हिंदकळतो, बसमध्ये त्याचा संपर्क तुटतो, संध्याकाळी त्याची बॅटरी मरणपंथाला लागते आणि अर्ज अर्धा भरून झाला असताना मावशींचा फोन येतो.

म्हणून पहिल्या दिवशी आम्ही कोड लिहावयास देत नाही. आम्ही सांगतो, की तुमचे ॲप हे दुसऱ्याच्या घरी गेलेला पाहुणा आहे. घर फोनच्या मालकाचे. तुम्ही यजमान नव्हे. यजमानाला दुसरे काम निघाले, की पाहुण्याने आपले बोलणे आवरून बाजूला सरकावे. पुन्हा बोलावणे आले, की जेथे थांबलो तेथून पुढे सुरुवात करावी. अँड्रॉइडमध्ये पडद्याच्या जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या अवस्था ठरलेल्या आहेत: तो निर्माण होतो, दिसू लागतो, हाताशी येतो, मागे पडतो, दिसेनासा होतो आणि नाहीसा होतो. नवख्याला वाटते, की हे पाठ करून परीक्षेत लिहावयाचे प्रकरण आहे. मग आम्ही त्याला स्वतः लिहिलेला अर्ज भरावयास सांगतो आणि मध्येच फोन आडवा करावयास लावतो. भरलेले सारे नाहीसे होते. फोन आडवा होताच जुना पडदा मोडून नवा उभारला जातो, आणि आपली शिदोरी बांधून ठेवण्याची तजवीज न केलेला पाहुणा रिकाम्या हाताने परत येतो. त्या क्षणी शिष्याच्या चेहऱ्यावर जे उमटते, त्यासाठीच आम्ही हा धंदा करतो.

आता काकांच्या प्रश्नाकडे वळू. फोन अडतो का? पडदा रंगविणे आणि बोटाच्या स्पर्शाला उत्तर देणे ही दोन्ही कामे एकच धागा करीत असतो. त्याच धाग्यावर कोणी मोठे काम लादले, म्हणजे दूरच्या यंत्रणेकडून माहिती आणावयास पाठविले, तर तो परत येईपर्यंत पडदा थिजतो. बोट लावून पाच सेकंदांत उत्तर आले नाही, तर अँड्रॉइड स्वतःच विचारते, की हे ॲप प्रतिसाद देत नाही, बंद करू का? दुकानात एकच माणूस गल्ल्यावर आहे आणि त्यालाच मालकाने गोदामात पोते आणावयास धाडले, तर गिऱ्हाईक ताटकळणारच. गोदामासाठी दुसरा माणूस ठेवा, एवढाच उपाय. हा दाखला आम्ही २०१० मध्ये जावा शिकविताना दिला, आज कोटलिन शिकवितानाही देतो. भाषा बदलली, साधन बदलले. गल्ला आणि गोदाम तसेच राहिले.

येथे आमच्या प्रश्नाच्या उत्तराचा एक पदर हाती लागतो. पाच वर्षांत मरते ती विद्येची कातडी. दुसऱ्याच्या वेळेचा मान राखणे, दुसऱ्याच्या घरातील वस्तूंना विचारल्यावाचून हात न लावणे, अर्धवट राहिलेले काम जपणे, हे जे आत आहे ते टिकते. २०१५ साली अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून छायाचित्रे, नावांची यादी, ठावठिकाणा यांची परवानगी ॲपने ऐन गरजेच्या वेळी मागावी, असा नियम आला. त्यापूर्वी सर्व परवानग्या आरंभीच एकगठ्ठा घेतल्या जात. नियम नवा होता. पाहुण्याने कपाटे उघडू नयेत ही रीत जुनीच.

या टिकणाऱ्या गोष्टी शिकवावयाच्या कोणत्या भाषेतून, हा दुसरा प्रश्न. तो बडोद्यात विचारणे म्हणजे एका मोठ्या परंपरेच्या दारात उभे राहणे होय. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये येथे कलाभवन स्थापन केले आणि रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्याकडे त्याची सूत्रे दिली. रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रविद्या या गोष्टी देशी भाषांतून शिकविल्या जाव्यात असा गज्जरांचा आग्रह होता, आणि त्यासाठी पुस्तके व परिभाषा घडविण्याच्या कामास महाराजांचा आश्रय होता. दादासाहेब फाळके कलाभवनात शिकले, हे आपल्या घराघरांत अभिमानाने सांगितले जाते. पुढे १९३१ मध्ये कारभारातील शब्दांना आठ भाषांत पर्याय देणारा "श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु" याच राज्याने प्रसिद्ध केला. म्हणजे कारागिराला त्याच्या भाषेत शास्त्र सांगता येते, हे या गावाला सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच ठाऊक होते.

आमच्या वर्गात पादरा, डभोई, वाघोडियाकडची गुजराती मुले असतात, दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातील मराठी मुले असतात, आणि रेल्वे किंवा रिफायनरीच्या नोकरीनिमित्त आलेल्या हिंदीभाषकांची मुले असतात. पुस्तके इंग्रजीत, साधनांचे शब्द इंग्रजीत. ते शब्द बदलण्याचा अट्टहास आम्ही करीत नाही. फंक्शनला फंक्शनच म्हणतो आणि थ्रेडला थ्रेड, कारण उद्या नोकरीच्या जागी तोच शब्द कानी पडणार. परंतु आमचा एक नियम आहे. लिहिलेला भाग कोणी दाखवावयास आणला, म्हणजे "हे येथे का लिहिले, ते तुझ्या आईला सांगतोस तसे सांग," असे आम्ही म्हणतो. इंग्रजीत घडाघडा उत्तर देणारे पुष्कळ या ठिकाणी थबकतात. पाठ केलेल्या वाक्याला घरच्या भाषेत आणताना त्यातील पोकळी उघडी पडते. याउलट इंग्रजीत तोंड न उघडणारी एक मुलगी आम्हांस आठवते. डभोईकडील शेतकऱ्याची लेक. गल्ला-गोदामाचा आमचा दाखला ऐकून तिने गुजरातीत विचारले, की गोदामातला माणूस माल घेऊन आला तेव्हा दुकानच बंद झालेले असेल, तर त्याने माल ठेवावा कोठे? वाचकहो, पडदा मोडून गेल्यावर मागाहून आलेल्या माहितीचे काय करावे, हा या शास्त्रातील खरोखरीचा अवघड प्रश्न आहे. पुष्कळ अनुभवी मंडळींना तो ॲप कोसळल्यानंतर सुचतो. तिला तो पहिल्या आठवड्यात सुचला, कारण ती आपल्या भाषेत विचार करीत होती.

आमच्या अभ्यासक्रमाचे शेवटचे काम ठरलेले आहे. घरातील, निदान शेजारातील, सत्तरीपुढच्या एका माणसासाठी त्याच्या भाषेतले ॲप करावयाचे आणि ते त्याच्या हाती देऊन पंधरा दिवस गप्प बसून पाहावयाचे. हे काम ऐकताना सोपे वाटते. खरा अभ्यास येथेच होतो.

पहिली गाठ लिपीशी पडते. गंमत अशी, की "ॲप" या शब्दातील "ॲ" या अक्षराला युनिकोडच्या कोष्टकात स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली, म्हणजे ज्या वर्षी ॲपचे भांडार उघडले त्याच वर्षी. आरंभीच्या अँड्रॉइड फोनांवर देवनागरी धड उमटत नसे. अक्षरांच्या जागी चौकटी दिसत. तो काळ गेला. तथापि सूक्ष्म अडचणी शिल्लक आहेत. इंग्रजीच्या मापाने केलेल्या बटणात मराठी शब्द लिहिले, की उकार-वेलांट्यांना जागा न मिळून शब्दांची शेंडी किंवा पाय कापले जातात. साधा "र" जोडला तर डोंगरांमधल्या "दऱ्या"चा समुद्राचा "दर्या" होतो. नावांची यादी यंत्राच्या आकड्यांप्रमाणे लावली तर "ळ" हा "ल"च्या पाठोपाठ येतो. आपल्या वर्णमालेत तो "ह"नंतर. आणि सर्वांत चिवट अडचण व्याकरणाची. इंग्रजीत आकडा आणि शब्द जोडून वाक्य होते. मराठीत "१ गोळी राहिली", "२ गोळ्या राहिल्या" आणि "१ औषध राहिले", अशी क्रियापदाचीही रूपे बदलतात. गुजरातीलाही तीन लिंगे आहेत, तेव्हा ती मुलेही याच खिंडीत सापडतात. तुकडे चिकटवून वाक्य होत नाही. वाक्य अख्खे लिहून भाषावार वेगळे ठेवावे लागते. त्यासाठी अँड्रॉइडमध्ये सोय आहे. मराठीसाठी "एमआर" आणि गुजरातीसाठी "जीयू" अशा खुणेचे वेगळे कप्पे असतात. सोय सर्वांना ठाऊक असते. हे कप्पे भरण्याची निकड मात्र घरातले माणूस समोर बसल्यावाचून वाटत नाही.

एका मराठी मुलाने आपल्या आजीसाठी औषधाच्या वेळेची आठवण करून देणारे ॲप केले. अक्षरे ठसठशीत, बटणे मोठी, वाक्ये शुद्ध. वर्गात सर्वांसमोर ते ठरल्या मिनिटाला वाजले. घरी मात्र दुपारी दोनची गोळी कधी सव्वादोनला, कधी तीनला आठवू लागली. आजी त्याला म्हणाल्या, "अरे, तुझा फोनही माझ्यासारखा दुपारचा डोळा मिटतो वाटतं." त्यांनी विनोदाने म्हटलेले अक्षरशः खरे होते. बॅटरी वाचविण्यासाठी, फोन हालचालीवाचून पडून असला की अँड्रॉइड त्याला खोल निद्रेत नेते आणि साधे गजर पुढे ढकलते. वर्गात फोन हातात असतो, तारेला जोडलेला असतो. तो झोपतच नाही. आजींचा फोन देवघराशेजारच्या फळीवर निवांत पडलेला. अचूक गजरासाठी वेगळी विनंती करावी लागते, आणि २०२१ च्या बाराव्या आवृत्तीपासून तर तिच्यासाठी वेगळी परवानगीही लागू झाली. मुलाने ते सर्व शोधून काढले, दुरुस्त केले. पण त्याने जो निष्कर्ष लिहून आणला, तो आम्ही त्यानंतरच्या प्रत्येक तुकडीला वाचून दाखवितो. त्याने लिहिले होते: "ॲप माझ्या टेबलावर चालते याला काही अर्थ नाही. ते आजीच्या फळीवर चालले पाहिजे."

रक्तदाबाची एक गोळी तासभर उशिरा घेतल्याने त्या घरी काही अनिष्ट झाले नाही, हे सुदैव. परंतु विचार केला पाहिजे. आज निवृत्तिवेतनाचा दाखला, रुग्णालयाची वेळ, बँकेची देवघेव, गॅसची नोंदणी, असे सारे व्यवहार या पडद्यामागे गेले आहेत. ज्या घरांनी चार पिढ्या गुजरातेत राहून मराठी टिकविली, त्या घरांतील वृद्ध माणसे या पडद्यासमोर मुकी होत आहेत. त्यांना वाटते, की आपल्याला समजत नाही. वास्तविक पडद्यालाच त्यांच्याशी बोलता येत नाही. हा दोष वृद्धांचा समजला जातो आणि तो पडद्याच्या कर्त्याकडे कधी पोहोचतच नाही. विकसक घडविणाऱ्याची जबाबदारी येथे सुरू होते, अशी आमची धारणा आहे.

आता मोलाच्या प्रश्नाकडे येतो. तो टाळून चालणार नाही. पूर्वी आम्ही ज्या एका खाजगी संस्थेत शिकवीत होतो, तिच्या चालकांनी एके वर्षी माहितीपत्रकावर नोकरीची हमी छापण्याचे ठरविले आणि त्याबरोबर अभ्यासक्रम निम्म्यावर आणला. शेवटचे घरचे काम गाळण्यात आले, कारण त्यात पंधरा दिवस "वाया" जात होते. आम्ही आक्षेप घेतला. उत्तर मिळाले, की बाजूच्या वर्गवाल्याने हमी छापली आहे, आपण न छापून कसे चालेल? आम्ही ती संस्था सोडली आणि दोन खोल्यांत स्वतःचा लहानसा वर्ग सुरू केला. प्राप्ती घटली, निजताना मन स्वस्थ असते, हा लाभ हिशेबात धरल्यास तोटा फारसा नाही.

याच खोल्यांत पादऱ्याकडील एक गृहस्थ मुलाला घेऊन आले होते. भाजीपाल्याचा व्यापार, हातातली पिशवी त्यांनी शेवटपर्यंत खाली ठेवली नाही. सर्व ऐकून घेऊन त्यांनी एकच विचारले, "साहेब, हे शिकलेले किती वर्षे चालेल?" असा नेमका प्रश्न आम्हांस कोणा पदवीधराने विचारलेला नाही. आम्ही म्हणालो, "साधन पाच वर्षे चालेल. नवे साधन स्वतः शिकण्याची सवय लागली, तर ती जन्मभर चालेल. सवय लावण्याचा प्रयत्न आमचा, हमी नाही." गृहस्थ थोडा वेळ विचार करून म्हणाले, "बी चांगले असले तरी पाऊस कोण सांगणार? ठीक आहे." आणि मुलाचे नाव लिहून गेले.

अलीकडे त्या प्रश्नाला आणखी धार आली आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांसमोर आले आणि थोड्याच काळात आमचे विद्यार्थी यंत्राकडूनच कोड लिहवून घेऊ लागले. आम्ही मना केले नाही. गणकयंत्र असताना पाढ्यांचा दंडक घालणाऱ्या मास्तरांची गत आम्हांस ठाऊक आहे. आम्ही आमचा जुनाच नियम पुढे केला: हे येथे का, ते आईला सांगतोस तसे सांग. एका विद्यार्थ्याने भजनी मंडळाच्या कार्यक्रमांची यादी दाखविणारे ॲप एका दुपारीत सुबक करून आणले. ते फोनमधील सर्व नावांची यादी वाचण्याची परवानगी मागत होते. आम्ही विचारले, "भजनाच्या वेळा दाखविण्यासाठी तुला माणसांचे फोन क्रमांक कशाला हवेत?" त्याच्यापाशी उत्तर नव्हते, यंत्राने लिहिले म्हणून ते तेथे होते. ज्या ओळीचे कारण सांगता येत नाही ती ओळ आपली नव्हे, आणि जी आपली नव्हे ती दुसऱ्याच्या घरात सोडू नये. यंत्र ओळी लिहील, उत्तमही लिहील; पण आजीच्या फळीवरून आलेल्या तक्रारीला उत्तर देण्यास माणूसच उभा राहणार आहे. असा उभा राहणारा माणूस तयार करणे, हेच आता आमचे काम उरले आहे. पूर्वी तरी दुसरे काय होते, असेही कधी कधी वाटते.

पाच वर्षांनी कोटलिनही जुनी झालेली असेल कदाचित, आणि ॲप हा शब्दही मागे पडेल. त्याचे वैषम्य आम्हांस फारसे वाटत नाही. कलाभवनात शिकविलेले रंग आता कोणी त्या रीतीने करीत नाही, म्हणून गज्जरांचे शिकविणे फुकट गेले असे कोण म्हणेल? तेथून बाहेर पडलेल्या माणसांनी पुढे जे केले, त्यात ते शिकविणे मुरलेले होते.

वाचकांपाशी एक मागणे आहे. आपल्या घरातील किंवा शेजारचा एखादा तरुण फोन पुढे करून "जरा वापरून बघा" असे म्हणेल, तेव्हा संकोचाने "छान आहे" म्हणून फोन परत करू नये. दोन मिनिटे तो हातात धरावा. जो शब्द कळला नाही तो दाखवावा, जे बटण सापडले नाही ते सापडले नाही असे सांगावे, आणि ते मराठीत सांगावे. आम्ही सहा महिन्यांत जे शिकवू शकत नाही, ते आपण त्या दोन मिनिटांत शिकवाल.